आबांचा वाढदिवस आणि आपोआप लागणारा ब्रेक

"बटनाचा काय भरवसा? बटन तर मिक्सरलाबी असतंय."

हे मला उद्देशून नव्हतं. टोइंगच्या ट्रकवरून एक मोठी पांढरी गाडी आमच्या वर्कशॉपच्या आवारात उतरत होती आणि तिच्या मागून जीपमधून आलेल्या मंडळींपैकी बंडू नावाचा एक जण शेजारच्याला समजावून सांगत होता. गाडीचा पुढचा बंपर चेपला होता, एक दिवा फुटला होता आणि जाळीत फ्लेक्सचा फाटका तुकडा अडकला होता. तुकड्यावर एक डोळा आणि अर्धी मिशी होती. जीपमधून उतरणाऱ्या आबांकडे पाहिल्यावर डोळा कुणाचा ते कळलं.

"बटनाचं नाव घिऊ नको," आबा म्हणाले. "बटन दाबाया मानूस लागतो. ह्यानं ब्रेक लावलाच न्हाई. पोपट, आजपास्नं तू मोकळा."

पोपटभाऊ म्हणजे आबांचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, सडपातळ, नेहमी स्वच्छ पांढऱ्या शर्टात. श्रीगोंद्याकडच्या आबांच्या मळ्यातच एका खोलीत बायको आणि बारावीतल्या मुलीसह राहायचे. आयुष्यभर त्यांनी एवढं एकच काम केलेलं, आणि गाडीला कधी ओरखडा येऊ दिला नव्हता. 'ब्रेक लावायला विसरणारा ड्रायव्हर' हे नाव एकदा तालुक्यात फिरलं की दुसरा कुणी त्यांच्या हातात किल्ली देणार नव्हता. ते खाली बघून म्हणाले, "चुकलं आबा."

खरं तर ते बटण दाबायचं नसतं. वर ओढलं की ब्रेक लागतो, दाबलं की सुटतो. हे मी मनात म्हणाले. मी बहुतेक गोष्टी मनातच म्हणते.

माझ्या कामाला सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणतात. गिऱ्हाईक आणि मेकॅनिक यांच्यामध्ये उभं राहून दोघांचं ऐकून घ्यायचं, असं ते काम आहे. गिऱ्हाईक म्हणतं, "खालून कोंबडी वराडल्यावानी वाजतंय." मी ते मेकॅनिकला समजेल असं लिहून आत पाठवते. आतून उत्तर येतं, ते गिऱ्हाइकाला सोसेल अशा शब्दांत बाहेर सांगते. शाळा इंग्रजी माध्यमाची. एकोणसाठ आणि एकोणसत्तर यांच्यामध्ये मी अजूनही क्षणभर थांबते, आणि हा क्षण बघायला आमचे मेकॅनिक हातातलं काम ठेवून येतात. गाड्या बोलत नाहीत म्हणून मी गाड्यांची नोकरी धरली. गाडीबरोबर माणूस येतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

असं लिखाण निवृत्त माणसं करतात, हे मला माहीत आहे. मी अजून तिशीचीही नाही. पण या अंकाचे संपादक आमचे गिऱ्हाईक आहेत. नवी गाडी घेण्याआधी त्यांनी मला विचारलं, हँडब्रेक चांगला की बटणाचा ब्रेक? मी "दोन्ही चांगले" एवढंच म्हटलं. ते वाट बघत उभे राहिले. मग म्हणाले, "तुम्ही लिहूनच द्या."

तर आबा आवारात उभे आहेत, पोपटभाऊ मान खाली घालून आहेत आणि मला बोलायला वेळ लागतो. तोवर ब्रेकचं सांगून घेते.

हँडब्रेक म्हणजे दोन सीटांच्या मधला दांडा. तो ओढला की खालची एक जाड तार ताणली जाते आणि मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेक आवळते. ओढताना कर्र कर्र वाजतं. वापरून तार सैल पडते, मग दांडा आणखी वर ओढावा लागतो, आणि एक दिवस तो पार उभा होतो तरी गाडी सरकते. पण तो आपल्या हाताला सगळं सांगत असतो. किती लागला, किती ढिला झाला, सगळं मनगटाला कळतं.

बटणाच्या ब्रेकला दांडा नाही आणि चाकापर्यंत जाणारी तारही नाही. मागच्या प्रत्येक चाकाशी एक छोटी मोटर असते. बटण ओढलं की ती गुरगुरते आणि ब्रेक आवळते. समोर लाल दिवा लागतो. किती लागला हे विचारायचं नाही, लागला म्हणजे लागला. आमच्या पिढीला हे आवडतं. आमच्या आधीच्या पिढीला दिव्यावर विश्वास नाही, कारण त्यांनी महावितरण पाहिलेलं आहे.

राहुरीचे एक तात्या मुलाची नवी गाडी न्यायला आले होते. ते सीटांच्या मधली जागा हाताने चाचपत राहिले. मुलाने बटण दाखवलं. त्यांनी ते दोनदा ओढून पाहिलं, गुरगुर ऐकली, आणि जुन्या गाडीच्या डिकीतला दगड नव्या गाडीच्या डिकीत ठेवायला सांगितला. चांगला चौकोनी, कडा झिजलेला दगड. आमच्या सेल्सच्या पोरांनी तो पुसून ठेवला. गाडी सर्व्हिसिंगला येते तेव्हा आम्ही डिकी रिकामी करतो, झाडतो आणि सामान परत ठेवतो: स्टेपनी, जॅक, दगड. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. उतारावर चाकाखालच्या दगडाइतका सरळमार्गी ब्रेक अजून कुठल्या कंपनीने काढलेला नाही. निघताना तेवढा तो उचलायची आठवण पाहिजे.

आठवणीचंच सगळं असतं. हँडब्रेकवाली गाडी घेऊन एक मास्तर आले. म्हणाले, गाडी ओढत नाही आणि आत सारखा जळका वास येतोय. आमचे जुने मेकॅनिक सलीमभाई आत वाकले. दांडा वर होता. त्यावर मास्तरांच्या डब्याची पिशवी लटकत होती, म्हणून तो वर आहे हे दिसत नव्हतं. मास्तर घरापासून तसेच आले होते. सलीमभाईंनी पिशवी काढून त्यांच्या हातात दिली. "सर, ब्रेकबी लावायचा आन् गाडीबी पळवायची, हे संसारात चालतंय. गाडीत न्हाई." मास्तर हसले. मागच्या सीटवरच्या बाई हसल्या नाहीत.

बटणाच्या गाडीत हे होत नाही. ब्रेक लावलेला असताना बेल्ट लावून ॲक्सिलरेटर दिलात तर ती स्वतःच ब्रेक सोडते. पण तिच्या तऱ्हा वेगळ्या. दसऱ्याला लोक गाडीची पूजा करतात. दांडा होता तेव्हा त्याला झेंडूची माळ घातली की भागत असे. बटणाला माळ कशी घालणार? एका वहिनींनी त्याला भरपूर हळदकुंकू वाहिलं, वर अक्षता वाहिल्या, आणि तांदळाचा एक दाणा फटीत गेला. तीन दिवस गाडी दारात गुरगुरत उभी. "देवाचं केलं आन् गाडी रुसली," वहिनी फोनवर म्हणाल्या. सलीमभाईंनी चिमट्याने दाणा काढला आणि कागदावर ठेवून माझ्यापुढे आणला. कारण काय लिहायचं, ते मला ठरवायचं होतं.

आणि बॅटरी उतरली तर बटणाचा ब्रेक सुटतच नाही. भंडारदऱ्याला तंबूत राहायला गेलेलं एक कुटुंब रात्रभर गाडीतली गाणी ऐकत बसलं आणि सकाळी गाडी जागेला खिळली. ढकलूनही हलेना. मी फोनवर चांगली बोलते, समोर चेहरा नसतो. त्यांना सांगितलं, दुसऱ्या गाडीच्या बॅटरीला वायर जोडा. तिथल्याच एका जीपवाल्याने जोडून दिली. त्याचं बोलणं मला फोनमधून ऐकू येत होतं. "आमच्या जीपला हँडब्रेकच न्हाई ताई, मंग अडकंल कशी?" त्याला हे गाडीचं वैशिष्ट्य वाटत होतं.

आता आबा.

सलीमभाईंनी गाडी लिफ्टवर घेतली. मी बाजूला उभी. इंजिन चालू करून बटण ओढलं, दोन्ही मोटरी गुरगुरल्या, मागची चाकं घट्ट आवळली गेली. सोडून पाहिलं, सुटली. पुन्हा ओढलं, पुन्हा घट्ट. सलीमभाई म्हणाले, "ब्रेकला काय धाड भरलीय? एक नंबर आहे."

आबांनी ते बाहेरून ऐकलं आणि त्यांचा चेहरा खुलला. "ऐकलं का रं? ब्रेक एक नंबर. म्हंजे मानूस नासका."

जीपमधली मंडळी माना हलवू लागली. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ब्रेक तपासून आम्हीच पोपटभाऊंचा निकाल लावला होता. ब्रेक बिघडलेला निघाला असता तर ते सुटले असते.

आमचे मॅनेजर, ज्यांना आम्ही नुसतं 'सर' म्हणतो, मला काचेच्या केबिनकडे घेऊन गेले. "रूथ, आबांच्या घरात आपल्या चार गाड्या आहेत. त्यांना फक्त एवढंच पाहिजे, की ब्रेक चांगला आहे आणि ड्रायव्हरने तो लावला नाही. तू बोललीस की झालं. ते मोबाईलवर घेणार आहेत."

"मोबाईलवर?"

"व्हिडिओ गं. त्यांच्या ग्रुपवर टाकायला. झेडपीचं इलेक्शन आहे ना जवळ. समोरचे लोक काहीबाही पसरवायला लागलेत."

काहीबाही काय, ते बंडूने मला न विचारता सांगितलं. आबांचा वाढदिवस होता. मळ्याच्या वाटेवर मंडप, मंडपात स्टेज, स्टेजमागे आबांचा फ्लेक्स: हात पुढे करून तालुक्याचं भविष्य दाखवतानाचा. पाहुणे अजून यायचे होते. मंडपवाले आणि ही जीपमधली मंडळी, एवढेच तिथे होते. गाडी स्टेजपुढे थांबली, दार उघडलं, आणि गाडी तशीच हळूहळू माणसाच्या चालीने पुढे निघाली. केकच्या टेबलावरून फ्लेक्समध्ये. कुणाला लागलं नाही. केक गेला. "फ्लेक्समधी आबांचा हात गेला, आन् निम्मं तोंड," बंडू हळू आवाजात म्हणाला. "समोरचे म्हनत्यात, ह्यांला सोताची गाडी थांबिवता येत न्हाई, गट काय सांभाळनार?"

"पण गाडी तर ड्रायव्हर चालवत होता ना?" मी विचारलं. मला खरंच कळलं नव्हतं.

बंडूने आबांकडे पाहिलं, मग आकाशाकडे. "व्हय तर," म्हणाला.

गाडी एव्हाना लिफ्टवरून उतरवून बाहेर लावली होती. मी तिचं आतलं बघायचं निमित्त करून ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं. माणसांपासून लांब जायचं असलं की मी असंच करते. सीटवर केकचं क्रीम होतं. आणि बेल्टच्या खाचेत ती क्लिप होती.

ही क्लिप नगरमध्ये कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात मिळते. बेल्टच्या टोकाला जी धातूची जीभ असते, तेवढी नुसती. खाचेत अडकवली की गाडीला वाटतं, साहेबांनी बेल्ट लावला, आणि तिची टिंगटिंग बंद होते. मागच्या सर्व्हिसिंगच्या वेळी मी पोपटभाऊंना म्हटलं होतं, ही काढून टाका. ते म्हणाले होते, "आबांची हाय, मॅडम. ते कवाकवा सोता चालवत्यात. बेल्ट लावला की शर्टाची इस्त्री मोडती, म्हनून. मी बसलो की ती काढून दाराच्या खिशात टाकतो आन् बेल्ट लावतो." ते खरं होतं. मी त्यांना बेल्टशिवाय कधी पाहिलं नव्हतं, आमच्या आवारातल्या आवारात गाडी वळवतानाही नाही.

आता थोडं पुन्हा गाडीचं, कारण यातच सगळं आहे. या मॉडेलला क्लच नाही. गिअर पुढच्यावर असला आणि ब्रेकवरचा पाय काढला की ती आपणहून हळूहळू चालायला लागते. त्यावर उपाय म्हणून 'ऑटो होल्ड' असतं. तुम्ही थांबलात की गाडी स्वतःच ब्रेक धरून ठेवते, पाय काढला तरी. ॲक्सिलरेटरला पाय लागला की सोडते. आणि बेल्ट काढून दार उघडलंत, की ती समजते, माणूस उतरला, आणि पार्किंगचा ब्रेक आपोआप लावते. आबांना गाडी देताना सेल्सच्या पोराने हात जोडून सांगितलं असणार, "आबा, तुम्हाला ब्रेक लावायची गरजच नाही. उतरलात की आपोआप लागतो." ते सगळ्यांना तेच सांगतात. ते खोटं नाही.

पण खाचेत क्लिप असेल तर बेल्ट सुटतच नाही. दार उघडं, बेल्ट लावलेला. गाडीला वाटतं, साहेब पानाची पिंक टाकायला वाकलेत. ती पार्किंगचा ब्रेक लावत नाही, नुसती धरून उभी राहते. मग साहेब उतरताना अंगाचा भार उजव्या पायावर देतात, पाय ॲक्सिलरेटरवर असतो, आणि गाडीला वाटतं, निघायचं म्हणाले.

पोपटभाऊ चालवत असते तर क्लिप दाराच्या खिशात असती. बेल्ट सुटला असता, दार उघडलं असतं आणि गाडीने स्वतःच ब्रेक लावला असता. ते विसरले असते तरीही.

मी दार लावून मागे वळले. आबा सावलीत खुर्चीवर बसले होते. सकाळचा तो सगळा गोंधळ होऊन इतका वेळ गेला, तरी शर्टाला एक सुरकुती नव्हती. पोपटभाऊ उन्हात उभे होते. त्यांच्या शर्टावर धुळीचा एक तिरका पट्टा उमटला होता, डाव्या खांद्यावरून उजव्या कमरेकडे. ड्रायव्हरचा बेल्ट उजव्या खांद्यावरून येतो. डाव्या खांद्यावरून येतो तो शेजारच्या सीटचा. तो बेल्ट कुणी वापरत नसल्यामुळे त्यावर श्रीगोंद्याची धूळ साठून राहिलेली असते.

मग मी जीपमधल्या एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. बंडू बुटाने फरशीवरचा ऑइलचा डाग पुसत होता. बाकीचे मोबाईलमध्ये. त्या क्षणी मला कळलं की शोध वगैरे मी काही लावलेला नाही. ते सगळे तिथे होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. या आवारात हे माहीत नसलेले फक्त आमचे सर आणि सलीमभाई होते, आणि सरांबद्दल मला खात्री नव्हती.

पाणी प्यायला म्हणून मी कूलरकडे गेले. पोपटभाऊ तिथे आले, ग्लास भरला, प्यायले नाहीत.

"पोपटभाऊ," मी म्हटलं, आणि पुढचं वाक्य जुळवत राहिले.

"कळलं तुमाला," ते म्हणाले. "तुमी क्लिप बघितली, मी बघत हुतो."

"तुम्ही का नाही सांगत?"

"काय सांगू? गावाच्या कमानीपाशी दर बारीला आमी जागा बदलतो. लोकांनी बघावं, आबा सोता चालवत आले. सकाळी तसंच. गाडी घुसली तसं मला म्हनले, अंगावर घे, दोन दिस शिव्या खा, मंग ये कामावर. मी म्हनलो बरं. धा वर्सं मीठ खाल्लंय." त्यांनी ग्लास तसाच ठेवला. "आता चार मानसं बघून त्यांला जोर आलाय. आता खरंच काढत्यात."

"मग मी काय करू?"

असं मी गिऱ्हाइकाला कधी विचारत नाही.

"काम जायचं तर जाऊ द्या, मॅडम. खोलीचंबी बघू, पोरीची परीक्षा हाय, पर बघू. निस्तं ब्रेक विसरलो म्हनून जायला नगं. मला दुसरं काय येतं?"

पुढे काय झालं ते आधीच सांगते, म्हणजे शेवटी त्यात अडकायला नको. पोपटभाऊंनी त्याच आठवड्यात खोली सोडली. आबांनी काढलं, की ते स्वतः निघाले, याबद्दल दोन मतं आहेत. मला मात्र एवढं माहीत आहे की त्यांच्या मुलीने बारावीची परीक्षा मावशीकडे राहून दिली, आणि ते माझ्या बोलण्यानेही झालं. हे मला अजून टोचतं. आता ते नगरमधल्या एका डॉक्टरीणबाईंची गाडी चालवतात. साधी, हँडब्रेकची. सर्व्हिसिंगला येतात तेव्हा दांडा ओढून दाखवतात आणि म्हणतात, "मॅडम, ह्याला खोटं सांगता येत न्हाई." मी म्हणते, तारेला वर्षभरात ताण द्यायला लागेल. आमचं संभाषण तेवढंच असतं, पण दोघांनाही पुरतं.

आबा आता गाड्या पुण्याला सर्व्हिसिंगला नेतात. चारही. तो व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर कधी गेला नाही. समोरच्यांच्या ग्रुपवर मात्र कसा गेला, ते बंडूलाच माहीत. सर माझ्याशी बरेच दिवस बोलले नाहीत आणि शिक्षा म्हणून त्यांनी मला समोरच्या काउंटरवरून काढून आतल्या फोनच्या टेबलावर बसवलं. दिवसभर एकाही गिऱ्हाइकाचं तोंड बघायचं नाही. मी ती शिक्षा मुकाट्याने भोगली. इतकी चांगली बढती मला पुन्हा मिळाली नाही.

तर, मी कूलरपासून परत आले. सरांनी मला गाडीच्या पुढच्या बाजूला उभं केलं, फुटलेला दिवा दिसेल असं. बंडूने मोबाईल धरला. फ्लेक्सचा तुकडा अजून जाळीत होता, कारण तो काढावा की राहू द्यावा हे कुणालाच ठरवता येत नव्हतं. आबा खुर्चीवरून उठून माझ्या शेजारी येऊन उभे राहिले, खिशातून कंगवा काढून मिशी सारखी केली आणि बंडूला म्हणाले, "चालू कर."

"चालू हाय," बंडू म्हणाला.

"हां मॅडम. तुमी कंपनीच्या, शिकलेल्या. ब्रेक कसा हाय ते सांगा लोकांना."

पाणी प्यायला गेले होते आणि प्यायचं राहिलं होतं. इंग्रजीत बोलले तर सोपं जाईल, असं एकदा वाटलं. मग वाटलं, तसं बोलले तर कुणाला काही समजणार नाही, आणि म्हणूनच ते सोपं वाटतंय. सलीमभाई लिफ्टपासून हात पुसत बाहेर आले होते. पोपटभाऊ मात्र माझ्याकडे बघत नव्हते. ते गाडीच्या मागच्या चाकाकडे बघत होते, जणू ते आताही सरकेल.

"ब्रेक नीट आहे," मी म्हणाले.

"बगा," आबा मोबाईलकडे वळून म्हणाले. "ब्रेक नीट हाय. मंग चूक कुनाची, तेबी सांगा. लाजू नका."

"गाडी तुम्ही चालवत होतात, आबा. पोपटभाऊ शेजारी बेल्ट लावून बसले होते."